एकदम मोडलेली दारं

कोडच्या फायलींतून प्रोग्राम बांधणारं नीलमचं बिल्ड टूल कंपनीत गाजलं होतं. तिच्या छोट्या प्रोजेक्टातल्या साठ फायली आधी एकामागून एक तयार व्हायच्या. तिनं प्रत्येक फाइलीला वेगळी चाइल्ड प्रोसेस, म्हणजे तेवढंच काम करणारा छोटा प्रोग्राम, दिला आणि सगळ्या प्रोसेस एकदम सोडल्या. वीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत! टाळ्या पडल्या.

सोमवारी तेच टूल सगळ्यांच्या सर्व्हरवर चढलं. तिथं फायली तीन हजार. तितक्याच प्रोसेस मेमरीसाठी भांडायला लागल्या आणि सर्व्हर आडवा झाला.

"काय बदललं होतं?" मॅनेजर अनुपमा मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं.

"हृतिकनं शनिवारी सर्व्हरला हात लावला होता," नीलम बोलून गेली. खोटं नव्हतं ते. म्हणूनच खपलं.

दौंडहून रोज डेमू गाडीनं येणारा हृतिक गप्प बसला. सर्व्हरचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.

गुरुवारी नीलम शिरूरजवळच्या घरून काम करत होती. आई, तुळजाबाई, एकेका वाफ्याचं मातीचं दार मोडून कांद्याला पाणी देत होती. नीलम लॅपटॉप घेऊन बांधावर.

"तोंड का पाडलंयस?"

नीलमनं सांगितलं, आईला कळेल असं.

तुळजाबाईनं खोरं टेकवलं. "तीन इंची पाइपाचं पाणी, आन् सगळ्या वाफ्यांची दारं एकदम मोडलीस? आठ वर्षांची असल्यापास्नं दारं धरतीस की गं! दोन वाफे धरायचे. एक भरला की त्याचं बुजवायचं, मगच फुडचं मोडायचं."

"कळलं गं. आता एका वेळी सोळाच प्रोसेस सोडते. एक संपली की पुढची."

"बरं. आन् बोलणी कुणी खाल्ली?"

नीलम ढेकूळ फोडत राहिली.

"नीले, मी काय इचारतीय?"

तिनं उठून फोन लावला. पलीकडे गाडीचा खडखडाट.

"हृतिक, सोमवारचं... माझ्या टूलमुळं झालं."

"माहितीय."

"कधीपासून?"

"सोमवारीच. सर्व्हरच्या नोंदींचे लॉग तेव्हा मीच वाचायचो की."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील."

फोन ठेवून तिनं टीमच्या ग्रुपवर लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे'. खोडलं. मग लिहिलं, 'सर्व्हर माझ्या टूलमुळे पडला. हृतिकचा संबंध नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं.'

शेवटच्या वाक्यावर बोट बराच वेळ थांबलं. ते तसंच ठेवून तिनं पाठवलं.

"आगं, वाफा फुटला!" आई ओरडली.

नीलम चिखलात उतरली. आईकडं न बघता खोरं घेतलं.