बीएंचं घर

तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थगावापासून फार लांब नसलेल्या आमच्या गावात येऊन तुम्ही आमचं आडनाव सांगितलंत, तर लोक तुम्हाला गावभर फिरवतील. निम्मं गाव त्याच आडनावाचं. पण 'बीएंचं घर' म्हणा, शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवील. कुरियरवालाही हल्ली फोनवर हेच विचारतो. मी एम.ए. केलं, बी.एड. केलं, शहाद्याच्या शाळेत जन्म घालवला आणि निवृत्तही झाले. तरी गावात माझी ओळख 'बीएंनी पोर' हीच. साठी उलटली तरी पोरच. एम.ए.ची काय किंमत असते ते आमच्या गावाला विचारावं.

ही बी.ए. मुळात माझ्या पणजोबांची. मुंबईतलं ते इंग्रजांच्या काळातलं जुनं विद्यापीठ, आणि तिथे जाऊन पदवी घेणारा आमच्या भागातला बहुधा पहिलाच माणूस. मी त्यांना पाहिलेलं नाही. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, संध्याकाळी ओट्यावर बसून जे सांगितलं तेवढंच माझ्याजवळ आहे. आप्पा सांगायला लागले की मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे, आणि मला मध्ये बोलल्याशिवाय राहवत नसे.

ते विद्यापीठ म्हणे सुरुवातीला शिकवायचंच नाही, नुसती परीक्षा घ्यायचं. शिकायचं कॉलेजात आणि मोजून घ्यायचं विद्यापीठात. 'पिकवायचं आपण, काटा व्यापाऱ्याचा,' असं पणजोबा समजावून सांगायचे. कुलपती म्हणजे खुद्द लाटसाहेब, इलाख्याचा गव्हर्नर. त्याच्या हाताखाली सिनेट. तिच्यात न्यायाधीश, डॉक्टर, कॉलेजांचे गोरे प्रिन्सिपॉल, शिवाय सरकारनं खूश होऊन नेमलेले शेठ आणि सरदार. यातले काही जण बैठकीला फक्त खुर्ची गरम करायला यायचे. पदवीधरांना आपली माणसं सिनेटवर निवडून द्यायचा हक्क उशिरा मिळाला, तोही मोजक्या जागांपुरता. पणजोबांना त्या मताचा भारी अभिमान. मतपत्रिका टपालानं आली की अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते ती भरायला बसत. घरात तेवढा वेळ कुणी भांडं वाजवायचं नाही.

पदवी घेऊन ते गावात आले तेव्हा गाव पेचात पडलं. पाटलाचा मान ठरलेला, चौधऱ्याचा ठरलेला, बीएचा काय? पाटलांनी त्यांना बोलावून विचारलं, "मुंबईमा तुले काय मान दिधा?" पणजोबांनी सरळ मनानं सांगितलं, की लाटसाहेबाची मिरवणूक सभागृहात आली, आम्ही काळे झगे घालून उभे राहिलो, आणि ती स्थानापन्न झाल्यावर आमचा नंबर लागला. पाटलांनी बिडीचा एक झुरका मारला. "मंग आठेबी तसंच," म्हणाले. म्हणजे इथेही तसंच. त्या वर्षापासून पोळ्याच्या मिरवणुकीत पाटलाच्या जोडीमागे बीएंची बैलजोडी, मग बाकीचं गाव. सिनेटनं ठराव करायला काय वेळ लावला असता. आमच्या पाटलांनी बिडी विझायच्या आत निकाल दिला.

आता मान म्हणजे काही मार्कशीट नव्हे. एकदा घरात आला की पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकतो. पणजोबा गेले. आमच्याकडे तेराव्याला थोरल्या मुलाच्या डोक्याला पागोटं बांधून घराचा भार त्याच्याकडे देतात. आजोबांना पागोटं बांधलं आणि गाव म्हणालं, "आते हाऊ बीए." आता हा बीए. आजोबा इंग्रजी चौथीच्या पुढे गेले नव्हते. त्यांनी मिशीला पीळ भरला आणि पुढची सगळी वर्षं खुशाल बीए म्हणून काढली. वतनच ते, त्याला परीक्षा कशाला?

आप्पांना ते जमलं नाही. आप्पा कॉलेजात गेले होते, इंटरच्या परीक्षेत इंग्रजीत गचकले होते, आणि पुन्हा बसायच्या आधीच आजोबा अंथरुणाला खिळले म्हणून केळीचा बाग सांभाळायला परत आले होते. आजोबांच्या तेराव्याला त्यांच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि तेच वाक्य त्यांच्यासाठी उच्चारलं गेलं. "मी तोंड उघडलं होतं," आप्पांनी मला फार उशिरा सांगितलं, "पण सगळी माणसं रडताहेत, आणि मी काय सांगू, की मी नापास शे?" कॉलेजातून आला म्हणजे हा पास झालेलाच, असं गावानं धरलं, आणि आप्पा एकदा गप्प बसले ते बसलेच. लोक कागद वाचून घ्यायला यायचे, पोरांना कुठे घालावं ते विचारायचे, लग्नपत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती' म्हणून नावापुढे बी.ए. छापायचे. आप्पा पत्रिका वाचत आणि ती दोन अक्षरं अंगठ्याखाली झाकत. मी लहान होते, तरी मला ते दिसायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे सिनेटची निवडणूक. विद्यापीठ बदललं, मुंबईचं सुटून दुसरं आलं, मग तेही सुटून जवळचं आलं, पण आमच्या घराची कीर्ती काही हटेना. उमेदवारांची माणसं जीप घेऊन यायची. "तुमचं घर म्हणजे जुने पदवीधर, तुमचं मत आम्हालाच." आप्पा त्यांना चहा द्यायचे, शेव द्यायचे आणि प्रत्येकाला "हो, हो" म्हणायचे. आई आतून फिदीफिदी हसायची. "मताचा पत्ता नई आनि शेव मात्र किलोभर गयी." गाडी गेली की आप्पा सरळ केळीत निघून जायचे. आईचं हसू तेव्हा थांबायचं.

आई गेली त्या वर्षी आप्पा शहाद्याला माझ्याकडे आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि कपाकडे बघत म्हणाले, "माय, मरण्याच्या आधी माले खरा बीए व्हनं शे." मला लेक असून 'माय' म्हणायचे, आमच्याकडे म्हणतातच; पण त्या दिवशी खरंच एखादं पोर आईकडे काही मागतंय असा त्यांचा आवाज होता. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. अट एकच, गावात कळता कामा नये. आज पास झालो म्हटलं, की कालपर्यंत काय होतो ते आपोआप निघणार. आणि पोळ्याचा मान आपण फुकट खाल्ला असं वाटून त्यांना बैलांपुढेसुद्धा मान वर करता आली नसती.

मग बाहेरून बारावी, मग बाहेरून बी.ए. अभ्यासाला माझ्याकडे यायचे आणि गावात सांगायचे, दात दाखवायला जातो. आमच्या बांधाला बांध लागून ज्यांचं शेत ते आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते भर चौकात विचारायचे, "बीए, तुमले दात तरी कितला शेत?" आप्पा तोंड मिटून हसायचे. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंग्रजीचा निबंध लिहिताना त्यांची जीभ बाहेर यायची. मी शिक्षिका, चुका काढणारच. एकदा लाल पेन जरा जास्त चालवलं तर दोन वेळा जेवले नाहीत. शेवटी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढे ठेवलं तेव्हा राग निवला. ते टेबल अजून तसंच आहे. मी त्यावर आता एकटी जेवते आणि समोरच्या खुर्चीशी भांडायला मला फार आवडेल.

परीक्षेचं केंद्र त्यांनी मुद्दाम तळोद्याचं घेतलं. तिथे आमच्या गावचं कोणी भेटत नाही. डोंगरातल्या गावांना जीपा सुटतात, सातपुड्यातली माणसं उतरतात. पहिल्या पेपरला ते हॉलमध्ये शिरले तर पोरं उठून उभी राहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं अगदी पुस्तकी मराठीत विचारलं, "बाबा, आपण पर्यवेक्षक आहात का?" आप्पा म्हणाले, "नाही गं. मी तुझ्या पुढच्या बाकावर."

ती सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या एका पाड्यावरची. घरात पावरी ही डोंगरातली बोली बोलायची, मराठी शाळेत शिकलेली. तिच्या घरात तिच्याआधी कुणी दहावीसुद्धा झालं नव्हतं. दोघांची गट्टी जमली. पेपर सुटला की मी बाहेर उभी असायची, आणि हे दोघं वडाखाली बसून कोणता प्रश्न चुकला यावर वाद घालायचे. माझा डबा तिच्या वाटणीला जायचा. तिला त्यांनी सगळं सांगून टाकलं, पागोट्यापासून. आम्हा घरच्यांना सांगायला त्यांना जन्म लागला होता, आणि तिला एका दुपारी सांगून मोकळे. परतताना गाडीत म्हणाले, "मन्हा आजा मुंबईले असाच गया व्हई, माय. घरमा विचारायले कोनी नई." त्यांच्या आजाबद्दल, माझ्या पणजोबांबद्दल, इतक्या मायेनं ते कधी बोलले नव्हते. तोवर आजाचं नाव निघालं की त्यांना स्वतःची लाजच वाटायची.

निकाल मी फोनवर बघितला. पास. त्यांनी चष्मा पुसून स्वतः वाचला, मग मला मोठ्यानं वाचायला लावला. "पेढे आण," म्हणाले. मी धावत जाऊन आणले. खोकं मांडीवर घेऊन बसले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. वाटायचे कुणाला? गावात नेले तर लोक विचारणार, कशाचे? शेजारी नाना विचारणार. ज्या गावासाठी पास व्हायचं, तिथेच सांगायची सोय नाही. मला आयुष्यात कधी एवढी चीड आली नव्हती. कुणावर, ते मात्र कळेना.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चाल, तळोदा जाऊ." जीपांच्या थांब्यावर उतरले आणि समोर आला त्याच्या पुढे खोकं धरलं. "घ्या, मी बी.ए. झालो." एका ड्रायव्हरनं पेढा तोंडात टाकून विचारलं, "नातू का, बाबा?" "नातू नाही. मी." ड्रायव्हरनं जीपमधल्या लोकांना त्यांच्या बोलीत ते सांगितलं. आत एकच हशा पिकला आणि सगळ्यांचे हात बाहेर आले. एका म्हाताऱ्यानं आपल्या पेढ्यातला अर्धा तोडून आप्पांच्या तोंडात घातला. ती मुलगीही आली होती, तीही पास. पाया पडायला वाकली तर आप्पा मागे सरले. "वेडी आहेस का? आपण एका वर्गातले." त्या थांब्यावर त्यांना कुणी बीए म्हणत नव्हतं, म्हणून तिथे ते बीए होऊ शकले. इतके खूश मी त्यांना आईच्या हयातीतही पाहिलं नव्हतं.

पदवीदानाला गेले नाहीत. कुणीतरी फोटो काढला असता आणि तो गावच्या ग्रुपवर फिरला असता. झगा घालायची हौस राहून गेली. मात्र पदवीधर म्हणून नाव नोंदवलं. पुढच्या सिनेटच्या वेळी उमेदवाराची माणसं आली, चहा झाला, शेव झाली. "मत आम्हालाच ना?" आप्पा म्हणाले, "या वेळी सांगता यायचं नाही. विचार करावा लागेल." त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गेल्या वर्षी आप्पा गेले. चौकात फलक लागला, नावापुढे बी.ए. होतं. लोक वाचत आणि पुढे जात. मी तिथून जाताना प्रत्येक वेळी थांबायची. वाटायचं, कुणीतरी एकानं तरी विचारावं. कोण विचारणार? जे जन्मभर ठाऊक आहे ते कुणी विचारत नाही.

दुखवट्याला बसायला माणसं यायची त्यातल्या एका दुपारी ती मुलगी आली. आता एका आश्रमशाळेत शिकवते. ओट्यावर गावची जुनी माणसं होती, नाना भिंतीला टेकून होते. गावात कळू द्यायचं नाही, ही अट तिला कुणी सांगितलीच नव्हती. डोळे पुसत ती म्हणाली, "बाबा आणि मी एकाच वर्षी बी.ए. झालो."

कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "नई बेटा, ते तं तुन्हा जन्मना पहिलेच बीए व्हतात." तिनं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आप्पांनी मला घातलेली अट एकच होती, आणि ती मी पाळली होती. पण त्यांची स्वतः मिळवलेली बी.ए. पुन्हा त्या पागोट्यात बुडताना मला बघवेना. मी म्हटलं, "ती खरं सांगतेय. आप्पा इंटरला नापास होते. म्हातारपणी तळोद्याला परीक्षा दिली, पास झाले, आणि पेढेही तिथेच वाटले."

 पोळ्याच्या मानाचं कुणी काढलं नाही, फुकट खाल्ला असं कुणी म्हणालं नाही. नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"तळोदामा पेढा वाटनात?" त्यांनी त्या मुलीला विचारलं. तिनं मान हलवली.

"बीए व्हई गया," नाना म्हणाले, "आनि माले पेढाबी नई दिधा त्यानी."

आणि तो पंच्याऐंशीचा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.