पांढऱ्या वायरीचा जोड

मास्तरांच्या घरात आलेली वस्तू मेली तरी घराबाहेर जात नसे. पंख्याला दुसऱ्याच पंख्याचं पातं, इस्त्रीला टेबल-लॅम्पची वायर, आणि मिक्सर चालायचा तो झाकण एका हाताने दाबून धरलं तरच. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. "फेकायला अक्कल लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

बायको घरोघर जाऊन इंजेक्शन आणि ड्रेसिंग करणारी नर्स. इमारतीत यांना सगळे मास्तर म्हणत, तिला सिस्टर.

सिस्टर फिरायची बॅटरीवरच्या सायकलवर. कंपनीनेच वेगाला बांध घातलेला, त्यामुळे ताशी पंचवीसच्या पुढे ती जात नसे. फेरीतलं शेवटचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांना जेवणाआधी इन्शुलिन द्यायचं. सात वर्षं ती न चुकता वेळेवर जात होती, पण जुना पूल बंद झाला, वळसा वाढला आणि रोज उशीर होऊ लागला. बाईंचा मुलगा एक दिवस स्पष्टच म्हणाला, "सिस्टर, अजून महिनाभर बघतो. नाहीतर जवळपासचं कुणीतरी शोधावं लागेल." घरी येऊन तिने हे चपला काढता काढता सांगितलं आणि तिथेच दारात बसून राहिली. बाकीची घरं कामाची होती, हे घर तिच्या जिवाचं होतं.

तिचा धाकटा भाऊ नेमका जेवायला आला होता. "ताई, सोड की ती बैलगाडी. नवी घे. डिस्क ब्रेकवाली मिळते, पंचेचाळीसने पळते."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "वेग काय दुकानातून आणायचा? मी काय मेलोय? आठ दिवसांत हीच पळवून दाखवतो."

"भाऊजी, लिफ्ट वर-खाली जाते. ही आडवी जाते."

"तू गप जेव."

दुसऱ्या दिवशी सिस्टर बसने गेली आणि मास्तरांनी सायकल अंगणात उलटी केली. मीटर, डाग द्यायची सोल्डर-गन, चष्म्यावर दुसरा चष्मा, सगळी जय्यत तयारी. कंट्रोलरची डबी उघडली, तर आत दोन पांढऱ्या वायरी एका बारीकशा जोडात अडकवलेल्या. जोड ओढला की बांध सुटला, बस्स. आठ दिवसांची बढाई चिमटीत संपली, याचा त्यांना जरा अपमानच वाटला.

पण बोटं जोडावर थांबली. लिफ्टलाही असाच एक बांध असतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. लिफ्ट वेडीवाकडी सुटली तर तो तिला जागच्या जागी जखडतो. त्यावर शिशाचं सील असतं, आणि मास्तरांनी एकतीस वर्षांत ते कधी तोडलं नव्हतं. "ही काय लिफ्ट आहे?" असं स्वतःलाच दटावून त्यांनी जोड ओढला.

मागच्या रिकाम्या रस्त्यावर सायकल अडतीसने पळाली. कानात वारं शिरलं आणि बासष्ट वर्षांचे मास्तर पोरासारखे ओरडले. मग सवयीने त्यांनी खिशातून खडू काढला. लिफ्टवाला पळणं बघत नाही, थांबणं बघतो. त्यांनी रस्त्यावर रेघ ओढली. रेघेवर चाक आलं की ब्रेक दाबायचा. पंचवीसने आली की सायकल सहा पावलांत थांबे. अडतीसने आली ती चौदा पावलांत. पुन्हा केलं, तरी चौदाच.

मधल्या आठ पावलांत मास्तर बराच वेळ उभे राहिले. त्यांना तिथे हातात औषधांची पिशवी अडकवून ब्रेक दाबणारी आपली बायको दिसत होती.

त्यांनी हार लगेच मानली नाही. ब्रेक बदलू म्हणाले, तर ते पेलायला चाक धरणारा चिमटा जाड हवा. चिमटा बदलला तर चाक बदलायला हवं. हिशेब करता करता जुन्या सायकलमधली फक्त घंटी शिल्लक राहिली. संध्याकाळी त्यांनी तो जोड पुन्हा बसवला, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मला जमणार नाही," ते म्हणाले. "नवीच घेऊ."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. सिस्टरने मिक्सरच्या झाकणावरचा हात काढला. मिक्सर बंद पडला. "बरं," एवढंच ती म्हणाली.

रविवारी दुकानदार वेगाचं कौतुक सांगत होता आणि मास्तर त्याच्या दारात खडूने रेघ ओढत होते. नवी गाडी अडतीसने येऊन सात पावलांत थांबली, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. सोबत आलेला मेव्हणा हसला, पण तोंड फिरवून.

घरी आल्याबरोबर मास्तर पाना घेऊन गाडीपाशी बसले. "जरा नट तपासतो."

"अहो, आज नको." सिस्टर सीटवरचं प्लास्टिक हाताने सारखं करत होती. "लग्न झाल्यापासून बिघडायच्या आधी माझ्या हातात आलेली ही पहिली वस्तू आहे. चार दिवस नवी राहू दे."

मास्तरांना आधी हसू आलं, मग येईनासं झालं. उघड्या दारातून आतला पंखा दिसत होता, इस्त्री दिसत होती. इतकी वर्षं ते या वस्तूंकडे अभिमानाने बघत आले होते. वापरणारी मात्र ती होती.

"मग आधी का नाही बोललीस?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. "एखादी वस्तू सुरू झाली की तुम्ही मला हाका मारत यायचात. तुमचा चेहरा बघितला की राहून जायचं."

मास्तरांनी पाना खिशात टाकला आणि आत गेले. बाहेर आले ते मिक्सर घेऊन, भंगारात द्यायला पिशवीत घातलेला.