चार दिवसांनंतरची गोष्ट

सोलापूर स्टेशनवर भल्या सकाळी नायनांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. नायना म्हणजे माझे वडील. गाडी पुण्याची, हुतात्मा एक्सप्रेस. पुढं मुंबई, आणि मुंबईहून विमानानं ढाका. भवानी पेठेतल्या आमच्या बोळातून परदेशात नोकरीला निघालेली मी पहिलीच मुलगी, म्हणून शेजारचे तिघे-चौघे पोचवायला आले होते. अम्मा आली नाही. घरी विड्या वळत बसली. म्हणाली, चारचौघांत रडणं मला जमायचं नाही. गाडी हलली तसे नायना म्हणाले, "तितं बी टॉवेलच करायचेत ना? मग काय, आपलंच काम हाय की."

काम आपलंच होतं. आमचे स्वतःचे माग भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी टेक्स्टाईलचा डिप्लोमा केला, चिंचोळीच्या एमआयडीसीत थोडे दिवस काढले आणि मग ही ढाक्याबाहेरच्या कारखान्यातली क्वालिटीची, म्हणजे माल तपासायची, नोकरी लागली. मागाचा आवाज तोच. सूत तुटलं की धावणारी माणसं तीच. भाषा तेवढी वेगळी, आणि ती मला फार जड गेली नाही. घरात तेलुगू, बोळात मराठी, शाळेच्या वाटेवर दखनी, अशी सवय तुम्हा सोलापूरकरांना सगळ्यांनाच आहे. आणखी एका भाषेला जागा करणं आपल्या लोकांना कठीण जात नाही.

मी भाड्यानं राहायचे ते रोकेयाआपांच्या घराच्या वरच्या खोलीत. आपा विधवा, शाळेत शिकवायच्या. त्यांची मुलगी मीम कॉलेजात. तिला गोष्टींचा नाद. भारतातलं सिनेमाचं सगळं तिला पाठ होतं, म्हणून मी तिला सिनेमात नसलेलं सांगायचे. असंच एकदा आमच्या घरातली गोष्ट सांगितली.

ही गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकानं आपापल्या घरात ऐकलेली आहे. गोऱ्या साहेबाच्या राज्यात सोलापूर उठलं, गोळीबार झाला, शेवटी साहेबाचे पोलीसच शहर सोडून पळाले, आणि चार दिवस शहर लोकांनी चालवलं. आमच्या घरात तिला एक शेपूट होतं. माझे पणजोबा मिलमध्ये कामाला होते. पोलीस नाहीत म्हटल्यावर ते हातात वेळूची काठी घेऊन चौकात उभे राहिले आणि टांगे सोडू लागले. एरवी घरात तेलुगूच बोलणारे नायना ही गोष्ट मात्र मराठीतच सांगायचे, कारण त्यांनी ती मागाच्या खोलीत मराठीतच ऐकली होती. शेवट ठरलेला: "ते चार दिवस शहर कुणाचंच नव्हतं. म्हणून आपलं व्हतं."

मीमला ते टांगे फार आवडले. काठी कुठल्या हातात होती, असं तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात तिथले विद्यार्थी रस्त्यावर आले. सुरुवात सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून झाली. मग पोरं मेली, आणि मग नोकऱ्यांचं कुणी बोलेना. मीम रोज जायची. एका संध्याकाळी आपा जिना चढून वर आल्या. "तू सांग तिला. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल."

मी खाली गेले. मीम पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती.

"आई घाबरल्यात गं," मी म्हटलं.

"दीदी, तुमचे पणजोबा चौकात गेले तेव्हा त्यांची आई घाबरली नसेल?"

नाडी आवळून ती उठली आणि गेली. माझ्या गोष्टीमुळे ती गेली असं मी मानत नाही. तिचा सगळा वर्ग गेला होता, आणि त्यांतल्या कुणीही सोलापूरचं नाव ऐकलेलं नव्हतं.

मग इंटरनेट बंद झालं. कारखाना बंद झाला. संचारबंदीत आम्ही तिघी खालच्या खोलीत बसून दाराकडे बघायचो. संचारबंदी थोडी ढिली झाल्यावर मीम पुन्हा बाहेर पडली, आणि त्या दिवशी पोलिसांचे छर्रे तिच्या चेहऱ्यावर बसले. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा डोळ्यांच्या वॉर्डात खाटा उरल्या नव्हत्या. डोक्याला पट्ट्या बांधलेली पोरंपोरी जमिनीवर ओळीनं निजलेली. डॉक्टर आपांना सांगत होते की डावा डोळा वाचणार नाही. माझ्या हातात घरून आणलेला टॉवेल होता. डॉक्टर बोलत होते आणि मी त्या टॉवेलच्या काठाची शिलाई तपासत होते. एक टाका सुटला होता. तो मी दोनदा बघितला. आपा खाली बसल्या, तेव्हा त्यांना धरायला दुसऱ्याच कुणीतरी हात पुढं केला.

काही दिवसांनी सरकार पडलं. पंतप्रधान हेलिकॉप्टरनं निघून गेल्या. रस्त्यावर लोक नाचत होते, रडत होते, एकमेकांना मिठाई भरवत होते. पोलीस ठाणी सोडून गेले. दवाखान्यातून परत येताना रिक्षा चौकात थांबली, आणि बघते तर मीमच्या वयाची पोरंपोरी शिट्ट्या वाजवत, हातात काठ्या घेऊन गाड्या सोडत होती. लहानपणापासून जे मनात बघत आले ते समोर होतं. ऊर भरून यायला हवा होता. काही आलं नाही. एका मुलीनं हात दाखवला, रिक्षा पुढं गेली.

विमानं सुरळीत झाल्यावर कंपनीनं आम्हा बाहेरच्यांना सुट्टी दिली. मी सोलापुरात आले. तुम्ही सगळे भेटायला आलात. "तिकडं लई राडा झाला म्हणं?" मी व्हय म्हणायचे. कुणी म्हणालं बरं झालं, कुणी म्हणालं वाटोळं झालं. कुणी मोबाईलवरचे व्हिडिओ मलाच दाखवले. मी बघितले. अम्मानं शेंगाचटणी-भाकरी वाढली, ती खाल्ली. चव लागली का, हे आता आठवत नाही.

एका दुपारी नायना आणि मी दोघंच होतो. मी विचारलं, "चार दिवसांनंतर काय झालं पणजोबांचं?"

ते म्हणाले, "मार्शल लॉ लागला. पांढरी टोपी दिसली की धरायचे. आज्जालाबी धरला. फटके मारले."

"आणि सुटून आल्यावर?"

"आला, मागावर बसला. बोलनं बंद. आज्जी म्हनायची, ताटात वाढलेलं दिसायचं न्हाय त्याला, जेवा म्हनून सांगाय लागायचं."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू ल्हान व्हतीस. अन् मलाबी फुडचं सांगाय आवडायचं न्हाय."

"मग बोलायला कधी लागले?"

"काय म्हाईत. मला आटवतंय तवा बोलत व्हता की. भाजी महाग झाली, पोरं ऐकंनात, असलंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून स्वतःच चहा टाकला. माझ्या आयुष्यात त्यांनी केलेला तो पहिला चहा. साखर फार झाली होती. ती मात्र मला लागली.

निघताना अम्मानं विचारलं, "परत कशाला?" तुम्हीही विचाराल, आणि माझ्यासारखे जे बाहेर गेलात ते कदाचित विचारणार नाहीत. इथं असताना मी तिथल्या जिन्याकडे कान लावून असते, आणि तिथं असताना सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांकडे. दोन्हीकडे थोडी उशिरा पोचते.

बांगलात राहत्या जागेला बाशा म्हणतात आणि मूळ घराला बाडी. माझी वरची खोली ही बाशा. सोलापूर ते बाडी. इतकी वर्षं आपा आणि मीमही माझ्या बाबतीत तसंच बोलत आल्या होत्या.

ढाक्याला पोचले. बेल वाजवली. दार मीमनं उघडलं. डाव्या बाजूचं दिसत नाही म्हणून तिनं अख्खा चेहरा वळवला, मला नीट बघितलं, आणि आत आपांना हाक मारली, "आम्मू, दीदी बाडी आल्या!"

मी तिचा शब्द दुरुस्त केला नाही. चपला काढल्या आणि आत गेले.