ओलं फडकं

आमच्या एकुलत्या मुलीने मूर्तिकला शिकायचं ठरवलं, तेव्हा हळर्णच्या घरात मी एकटाच तिच्या बाजूने उभा राहिलो. थोरले भाऊ म्हणाले, "माती कालवून कोणाचं पोट भरलंय?" मला उलट चेव आला. तरुणपणी मला नाटकात काम करायचं होतं. वडिलांनी वाळपईच्या कचेरीत चिकटवलं, तिथेच केस पिकले. तिचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

ती पदवी घेऊन आली. तिच्या कामासाठी मी रिकाम्या गोठ्याला लादी घातली, उजेड यावा म्हणून भिंतीत मोठं जनेल बसवलं. दोन वर्षं ती तिथे रमली. पणजीत प्रदर्शनं झाली. लोक यायचे, मोबाईलवर फोटो काढायचे, निघून जायचे.

एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, माका आता हें जमना. खंयतरी नोकरी बघतंय."

"धीर धर गो बाय. मी आसंय मगो."

पुढे वर्षभर हेच. ती विषय काढायची, मी धीर द्यायचो. येईल त्याला सांगायचो, "आमची मुलगी मूर्तिकार."

तेव्हा गोठ्यात एका बसलेल्या बाईची मातीची मूर्ती अर्धवट होती. माती सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं घालावं लागतं. मुलीने गोठ्यात जाणंच सोडलं. मग रोज सकाळी ती उठायच्या आधी मीच फडकं भिजवून घालू लागलो. आज ना उद्या हात लावील, या आशेवर चार महिने.

एका सकाळी वळून बघतो तर ती दारात.

"तुमी फडकां भिजयतास, तां माका पयल्यापासून ठावक आसा," ती म्हणाली. "ती फुटली की मी सुटलंय, म्हणान वाट बघित होतंय. तुमी सुकूकच दिलां नाय."

ती रडली असती तर मी जवळ तरी गेलो असतो. तिचा आवाज नुसता थकलेला होता.

महिन्याभरात ती पुण्याला गेली, एका ऑफिसात लागली. बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या वडलांनी तुमकां एकदाच ढकललां. तुमी तिकां रोज ढकललास."

रविवारी फोन येतो. गेल्या खेपेला न राहवून मी विचारलं, "चित्रां तरी काडतंस मगो?"

ती म्हणाली, "पप्पा, फोन आयेकडे दी."