खालून विंचरणाऱ्या मावशी

माझे केस वाचले ते मिलच्या रीळखात्यातल्या मावशींमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण काय झालं ते सांगताना मी अजूनही घाबरते, भलतीकडे जाते, आणि मावशी राहून जातात.

काहीही हातात आलं की मावशी ते अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिरवायच्या. लुगड्याचा काठ असो, भिजवलेली डाळ असो, भाजीवालीची मेथी असो. नजर दुसरीकडेच. मग म्हणायच्या, "हे एकसारखं नाई." तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याचे डोळे बोटांत असतात. पुलगावच्या मिलमध्ये त्या रिळावर बसून सुताच्या लडी करायच्या. दिवसभर सूत बोटांतून जायचं आणि जाड धाग्याला बारीक धागा लागला असेल तिथे बोट थांबायचं. घरी आल्यावरही ती सवय सुटत नसे.

मी राजापूरकडची. सातवीत शाळा सुटली. रेल्वेतल्या एका मामांनी स्थळ आणलं आणि लग्न होऊन एवढ्या लांब पुलगावला आले. तिथलं वऱ्हाडी बोलणं निम्मं कळत नसे. त्यात माझे केस असे कुरळे की अंबाडा घातला तरी थोड्या वेळात सुटून कपाळावर येत. सासूबाई वाईट नव्हत्या. पण पाहुणे आले की माझ्या डोक्यावरचा पदर त्या स्वतःच्या हाताने पुढे ओढायच्या. मला ते फार लागायचं.

चाळीतल्या आम्हा सगळ्यांचे नवरे मिलमध्येच. शेजारच्या वहिनींचे खळखात्यात होते. तिथे सूत खळीत बुडवून काढलं की काडीसारखं ताठ, सरळ होतं, हे चाळीतल्या पोरालाही ठाऊक. वहिनी म्हणाल्या, सूत सरळ होते तर केस काऊन नाई होणार? खळ चांगली धरावी म्हणून त्यांनी तिच्यात कापड उकळायचा मिलचा सोडाही घातला. एका दुपारी मला मोरीत बसवून त्यांनी ती केसांना लावली आणि फणीने ओढून ओढून केस सरळ केले. टाळूची आग झाली, भराभर पाणी ओतलं. पण केस खरंच सरळ झाले. त्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा सासूबाईंनी पदर ओढला नाही. मी उशीत तोंड घालून हसले होते.

श्रावणापर्यंत ती मजा संपली. मुळाशी नवे केस आले ते आपले कुरळेच. त्याखालचे सरळ, कोरडे, केरसुणीच्या काड्यांसारखे. आणि दोन्ही जिथे भेटत तिथे तुटत. रोज फणी भरून केस निघायचे. खळीचं सासूबाईंना माहीत होतं, पण ती तर कधीच धुऊन गेली, आता तिचा काय संबंध, असं सगळ्यांनाच वाटे. नव्या सुनेचे केस जातात म्हणजे अंगात काही आजार असणार. एक चुलत सासूबाई म्हणाल्या, डोकं साफ करून टाका, नवे येतील. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. नवरा जिवंत असताना सुनेचं बोडकं डोकं त्यांना बघवणार नव्हतं. मग ठरलं की मला माहेरी पाठवायचं आणि केस बरे झाले की आणायचं.

आमच्या वाडीत अशी एक मुलगी होती. बरी हो, मग नेऊ, म्हणून सासरच्यांनी आणून सोडली होती. तिला न्यायला कुणी आलं नाही. पेटी भरताना मला तीच दिसत होती.

नळावर ही गोष्ट आमच्याच चाळीत राहणाऱ्या मावशींच्या कानावर गेली. भोंगा झाल्यावर त्या मिलमधून तशाच आमच्या घरी आल्या. पदराला कापूस चिकटलेला. न विचारता माझ्या मागे बसल्या, एक केस बोटांत धरून फिरवला आणि तोच सासूबाईंच्या बोटांत दिला.

"फिरव वं. कुठं अडकते?"

सासूबाईंनी फिरवला. "इथं."

"पोरगी बिमार नाई. धागा बदलला हाये. जोडावर ताण आला का तुटते. तिले पाठवजो नोको. संक्रांतीपर्यंत माह्याकडं दे."

"अन् हळदीकुंकवाले बाया येतील, त्यांनी हे केस पाह्यले तर?"

"तवाबी असेच तुटत असतील तर मीच तिले स्टेशनवर नेऊन सोडीन."

पेटी भरलेलीच राहिली, दाराशी. मी येता-जाता तिच्याकडे बघायची.

मावशी रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊन जवस उकळून फडक्यातून गाळायच्या. ते बुळबुळीत पाणी केसांना चोळायचं, मग आधी बोटांनी आणि नंतर मोठ्या दातांच्या लाकडी फणीने विंचरायचं, तेही खालच्या टोकापासून. जोडाच्या वर त्या मुठीने केस धरून ठेवत, म्हणजे ओढ तिथपर्यंत पोचत नसे. मी अंग चोरलं की म्हणायच्या, "घाई नोको करू. खालून येऊन राह्यली मी." त्यानंतर ओल्या केसांच्या बारीक बारीक वेण्या. कोकणातून येताना बापानं नारळ धाडले, अक्कल काऊन नाई धाडली, असं चिडवतही असत.

एकदा मी विचारलं, "मावशी, परत सगळे सरळ कधी होतील?"

त्यांचा हात थांबला. "कुरळ्याले सरळ कराले जाजो नोको. ते तुहं हाये. आपण सरळाले त्याच्या वळणावर आणू."

आणि तसंच होई. सकाळी वेण्या सोडल्या की वरचे आणि खालचे केस एकाच वळणाचे दिसत. अधूनमधून त्या सूत तोडायच्या कात्रीने टोकं उतरवत. सवाष्णीच्या केसांना कात्री लागलेली सासूबाईंना चालणारी नव्हती, म्हणून मावशी मोठ्याने म्हणत, "जरा सूत कमी करते वं बाई." त्याबरोबर सासूबाईंना चुलीवर काहीतरी आठवायचं.

मार्गशीर्षात मावशी तापाने पडल्या. संध्याकाळ झाली तरी माझे केस तसेच. सासूबाई बराच वेळ इकडून तिकडे फिरल्या. मग फणी घेऊन म्हणाल्या, "बस इकडं." वरून फणी लावली, मी दात आवळले. त्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "खालून नं?"

मी मान हलवली. त्यांनी फणी खालच्या टोकाला लावली.

संक्रांतीला घर बायांनी भरलं. वाण घेताना एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "सून कुरळ्या केसाची हाये का वं?" मावशी कोपऱ्यात तीळगूळ चघळत होत्या, त्यांचं चघळणं थांबलं. सासूबाईंचा हात पदराकडे गेला, आणि तो त्यांनी माझ्या खांद्यावरच ठेवला. "हाव," त्या म्हणाल्या. "आमची अशीच हाये." दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर गेली.

पुढे काही वर्षांनी मावशींच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. जाड-बारीक धागा बोटांखालून निघून जाई आणि त्यांना कळत नसे. खांदाही धरला. त्यांनी काम सोडलं आणि कारंजाला भावाकडे राहायला निघाल्या. कापसाच्या गाठींच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जागा मिळाली होती. निघताना त्यांनी माझ्या वेणीचं टोक बोटांत धरून फिरवलं. यावेळी माझ्याकडे बघत.

"एकसारखं हाये नं? मले आता समजत नाई."

"एकसारखं आहे, मावशी."

"येजो कधी कारंजाले."

ट्रक सुरू झाला. त्यांचा पदर डोक्यावरून कधी ढळलेला मी पाहिला नव्हता. तो वाऱ्याने उडाला. मानेवर, जिथे त्यांचा हात आता पोचत नव्हता, तिथे पांढऱ्या केसांचा मोठा गुंता झाला होता.

मी अजून कारंजाला गेले नाही. आधी बाळंतपण आलं, मग ह्यांची दुसऱ्या गावच्या मिलमध्ये बदली. पण जवस डब्यात आहे, फणी घेऊन ठेवली आहे. मावशी, तो गुंता कुणाला कापू देऊ नका. एक दिवस मी येईन, तुमच्या मागे बसेन, आणि खालून सुरुवात करेन.