दम बसेपर्यंत

कुस्तीत कोण जिंकलं, याचं वस्तादांना फारसं काही नसे. मेहनत संपली की ते एकेकाच्या छातीवर तळहात ठेवत, डोळे मिटत, आणि धडधड ओसरली की म्हणत, "बसला दम. जाय आता घरी." तोवर आखाड्याबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही.

मला त्या तळहाताची भीती वाटे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पवनीत खोली करून राहत होतो आणि तिथल्याच या आखाड्यात जात होतो. त्याआधीच्या हंगामात धान मळताना बाबा छाती धरून खळ्यावर बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून माझी छाती जरा उडाली की वाटे, हेच ते. एखाद्या दिवशी वस्ताद हात ठेवतील आणि काही बोलणारच नाहीत.

ते मला सावकाश बैठका घालायला लावत. "वर येतानी श्वास सोड बे. कोंडून कायले ठेवतं? धानाचं पोतं हाय का?" पोरं हसत. पण त्या बैठकांनी मला झोप लागे, हे खरं.

पुढे कॉलेजात लोखंडी वजनांची खोली झाली. जवाहरनगरहून येणाऱ्या एका मित्राने मला तिथं नेलं, आणि आखाडा मागे पडला. श्वास कोंडायचा, दात आवळायचे, झटक्यात उचलायचं. रोज, कालच्यापेक्षा जड. दंड भरले, पण झोप उडाली, आणि वर्गात कुणी नाव पुकारलं तरी छाती धडधडे. एका संध्याकाळी दांडी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी तसाच आखाड्याकडे पळालो.

"वस्ताद, लोखंड उचलता उचलता बाबासारखं होऊन राहिलं मले."

त्यांनी हात ठेवला. बराच वेळ बोलले नाहीत.

"लोखंड वाईट नाई," शेवटी ते म्हणाले. "जड उचललं का आंग भेतेच, वाघ पाह्यल्यावानी. भेऊ दे त्याले. पण तू त्याले तसंच भेलेलं घरी नेतं, अन् सकाळी पुन्हा वाघ दाखवतं. बस इथं."

मी गार मातीत बसून राहिलो. केव्हातरी त्यांचा शब्द आला, "बसला."

मी लोखंड सोडलं नाही. दिवसाआड, श्वास सोडत उचलू लागलो. आणि नंतर आखाड्यात येऊन बसायचंच.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी वस्ताद खाटेला लागले. दुखणं छातीचंच. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी गेलो तेव्हा त्यांनी माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "पाह्य बरं, बसला का?"

हात इतका कापत होता की मला काहीच कळेना.

"अबे कालेज," ते हसले, "हे धडधड तुह्या हाताची का माह्या छातीची? आधी तू बस."

मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो. त्यांनी शिकवल्यासारखा श्वास सोडत राहिलो. मग हात पुन्हा ठेवला. आता तो कापत नव्हता. त्याखाली त्यांची छाती अडखळत पळत होती, मध्येच थांबत होती. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"बसते दम, वस्ताद," मी म्हणालो, आणि हात काढला नाही.