उन्हात ठेवलेले सेल

रिमोटमधला सेल गळाला की त्या उग्र वासासरशी मी साठ वर्षांपूर्वीच्या दुबईत, खाडीकाठच्या झावळ्यांच्या खोलीत पोचतो. त्या दिवशी भारताची हॉकीची फायनल होती. आमच्या गोलकीपरचा पेपरातला फोटो मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता, आणि मी ऐकत असेपर्यंत त्याच्यावर गोल होत नाही, अशी माझी वेडी खात्री होती. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले होते, नवे कुठे मिळेनात, म्हणून रत्नागिरीत करायचो तसे, थोडा जीव परत यावा म्हणून, सकाळपासून पत्र्यावर उन्हात ठेवले. शेवटची दोन मिनिटं, बरोबरी, समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि आवाजच गेला. मी रेडिओ थोपटला, हलवला, अल्लाची करुणा भाकली. मागचं झाकण काढलं तर सेल फुगून गळत होते. ‘‘अरे बाबा, हे काय कोकणातलं ऊन आहे?’’ खोलीतले चाचा म्हणाले. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. मग मुंबईची बोट लागली, आणि खलाशी म्हणाला, ‘‘हरलो, एका गोलने. शेवटच्या मिनिटाला.’’ खोलीत सगळे गोलकीपरला शिव्या घालू लागले. ‘‘त्याची चूक नव्हती,’’ मी ओरडलो. आजही मी तेच म्हणतो. फक्त कोणाची होती, ते सांगत नाही.